दशरथचा नंबर

माझी धाकटी मुलगी रूपाली हिचं लग्न झालं ते २०२३ साल. मांडव अजून उतरवायचा होता, तेव्हा आमच्या वाडीवर आरोग्य कार्डाचा कँप आला. प्रत्येक फॉर्मवर मोबाईल नंबर हवा होता. रेंज मिळायची ती फक्त वरच्या अंगाला, माझा चुलतभाऊ दशरथ याच्या घरी. मी साठीनंतर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो होतो. सदतीस घरांचे फॉर्म मीच भरले आणि सगळ्यांवर दशरथचा नंबर घातला. तेव्हा मला त्या कामाचा अभिमान वाटला होता.

पुढच्या वर्षी वनपट्ट्यांची, म्हणजे जंगलातली जमीन कुणाच्या नावावर होणार त्याची, यादी आली. मी कसतो त्या जमिनीपुढे दशरथचं नाव होतं. मी ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

२०२५च्या जानेवारीत माझी बायको जना हिच्या छातीत दुखू लागलं. खोपोलीच्या एका खाजगी दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदयाची झडप गेलेली. ऑपरेशन पनवेलला होणार होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, खोपोलीहून रिपोर्ट कॉम्प्युटरवर येऊ द्या, लगेच घेतो. नव्यानं तपासायचं तर तीन आठवडे थांबावं लागेल, आणि थांबू नका.

सोमवारी खोपोलीला गेलो. खिडकीवर समिधा नावाची मुलगी होती.

"आजोबा, पेशंटच्या मोबाईलवर कोड गेलाय. तो सांगा."

"पेशंट ही काय समोर बसलीय. तिलाच इचारा."

"आजींनी हो म्हणून चालत नाही. कोडच लागतो. त्यांची माहिती दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून नियम आहे."

"दुसरा कोण नेतोय गं?" जना ओरडली. "मीच मागतेय ना!"

जनाच्या कार्डावर नंबर दशरथचा. तो बदलायचा तर कर्जतला अंगठा लावायचा, मग चार दिवस. समिधा म्हणाली, त्यापेक्षा फोनवाल्याकडून कोड घ्या, मी पुन्हा पाठवते.

मी दशरथच्या अंगणात गेलो. तो फोन हातात घेऊनच बसला होता.

"आलास दादा? कोड आलाय बघ. वाच की. तुला तर समदं वाचता येतं."

"जनीसाठी आलोय."

"वयनीसाठी आता देतो. आधी ग्रामसभेत सांगीन म्हण, यादी वाचताना चुकलो. माझ्या पोरांना लोकं चोर म्हणतात रं."

"चोराच्या पोरांना काय साव म्हणतील?"

"मग जा कर्जतला."

घरी जनानं विचारलं, "चुकलो म्हणायला काय जीभ झडते तुमची?"

"मी चुकीचं वाचलं नाय गं."

"बरं. तुमी अक्षरं सांभाळा. मी मरते."

मी परत वर गेलो नाही. मंगळवारी तिला कर्जतला नेलं. मोळ्या बांधून बोटं घासलेली, मशीन अंगठा घेईना. दुपारनंतर एकदाचा लागला. नंबर शनिवारी चालू होणार होता.

दशरथ खांदा द्यायला आला. मी त्याला तिरडीला हात लावू दिला नाही.

माझी बायको जना गुरुवारी, ६ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी नऊच्या सुमारास वाडीवर घरातच वारली.