दारापर्यंतची धाव

मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण मूल घरी जायच्या दिवशी ते पार विरघळायचे. त्यांची एक जुनी पद्धत होती. बऱ्या झालेल्या मुलाने खाटेपासून दारापर्यंत पळायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मगच त्यांची सही मिळायची.

त्या सकाळी पाळी चिमणीची होती. घटसर्पाने पोरीचा श्वास कोंडला होता. आता घशात धरलेला पांढरट पडदा गेला, ताप उतरला आणि तिने बिस्किटांसाठी आईला भंडावून सोडलं होतं. आई पिशवी भरून तयार. मोठ्या डॉक्टरांनी टाळीसाठी हात उचललेच होते.

“बाबा, तिला पळवू नका!”

मोठ्या डॉक्टरांनी वळून पाहिलं. त्यांची सून, हृदयाची डॉक्टर, इकोचं मशीन ढकलत आत येत होती. दवाखान्यात ‘सर’ म्हणायचं, हे आज ती साफ विसरली होती.

“घसा आरशासारखा स्वच्छ आहे,” ते गुरगुरले.

“घसा सुधारतो तेव्हाच या रोगाचं विष हृदयाला गाठतं. तक्त्यावरची नाडी बघा, बसल्या जागी धावतेय.”

नाडी त्यांनीही पाहिली होती. घरी जायच्या आनंदाने उडतेय, असं म्हणून सोडून दिली होती.

सुनेने छातीवर गार जेली लावली तशी चिमणी खिदळली. मशीनच्या पडद्यावर मात्र हृदयाचा डावा कप्पा, मुठीसारखा घट्ट मिटायचा तो, अर्धवट मिटून थांबत होता. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा चिमणीची नाडी धरली.

“पळाली असती तर?” आईने विचारलं.

“जिवावर बेतलं असतं,” ते म्हणाले. “पिशवी ठेवा, बाई. मी चुकलो.”

चिमणीला अंथरुणाला खिळवून ठेवलं. एका संध्याकाळी ठोके अडखळलेच. पण माणसं आणि औषधं उशाशी होती. सून पुन्हा पुन्हा इको करत राहिली आणि अखेर ती मूठ घट्ट मिटू लागली.

“काय सूनबाई, पळवू?”

“चालवा, बाबा. पळायला अजून अवकाश आहे.”

जन्मभर ‘पळ, पळ’ ओरडलेला तो माणूस चिमणीपुढे उलटा चालत ‘हळू, बाळा, हळू’ म्हणत दारापर्यंत गेला.

“डॉक्टर, तुमचे उपकार...” आईने हात जोडले.

“माझे कसले?” ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे गरजले. “ती मशीन पुसत उभी आहे ना, ती माझी सून!”