मी ॲड्रेस बार, उबवणी केंद्रातला

मित्रांनो, संगणकावर इंटरनेटची खिडकी उघडली की सगळ्यात वर एक लांबट, अरुंद पट्टी दिसते ना? तोच मी. मी एक जुना ॲड्रेस बार आहे. माझा मुक्काम एका अंडी उबवणी केंद्रात आहे. आमचा संगणक केंद्राच्या कोपऱ्यातल्या टेबलावर असतो. कीबोर्डच्या फटींत कवचाचे बारीक तुकडे अडकलेले असतात, पडद्यावर अधूनमधून एखादं मऊ पीस येऊन चिकटतं, आणि माऊसखाली गादी म्हणून अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा घातलेला आहे. पलीकडच्या खोलीत कपाटाएवढं उबवणी यंत्र दिवसरात्र घुमत असतं. मधलं दार उघडं असल्यामुळे मला तिकडचं बरंचसं दिसतं आणि सगळं ऐकू येतं.

लहानपणी मी फार हट्टी होतो. मला फक्त पत्ता कळायचा, तोही बिनचूक. एखादं टिंब राहिलं की मी 'पान सापडलं नाही' म्हणून हात वर करायचो. लोक माझ्यावर डाफरायचे. कुणाला काही शोधायचं असलं तर माझ्या शेजारी एक वेगळी छोटी चौकट होती, तिच्याकडे जावं लागे. मग केव्हातरी संगणकात सुधारणा झाली आणि त्या चौकटीचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून पत्ता लिहा, प्रश्न लिहा, नाहीतर बेरीज-वजाबाकी लिहा, मी सगळं ऐकून घेतो. तुम्ही आधी कुठे जाऊन आलात तेही लक्षात ठेवतो. मला वाटलं, आता आपल्याला चांगले दिवस आले.

पण छे! माझं हे नवं शिक्षण कुणाला ठाऊकच नव्हतं.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. कामाला वाघ, पण संगणकाशी त्यांचं सूत कधी जुळलं नाही. काही शोधायचं झालं की त्या माझ्यावर शोध घेणाऱ्या संकेतस्थळाचा अख्खा पत्ता एका बोटाने टाइप करत. ते पान उघडलं की त्याच्या मधल्या चौकटीत जाऊन प्रश्न लिहीत. म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला 'सरक बाजूला' म्हणायचं आणि आत जाऊन त्याच्याच भावाला तो प्रश्न विचारायचा! बरं, प्रश्नही कसा? 'नमस्कार. आमच्या यंत्रात दमटपणा कमी पडतो तरी योग्य तो उपाय कळवावा.' उत्तरात जाहिरातींचा ढीग यायचा आणि वहिनी म्हणायच्या, "हे यंत्र म्हणजे नुसती खोगीरभरती!" मला वाईट वाटायचं, पण मी बोलणार कसा?

पुढे वहिनींची नणंद त्यांच्याकडे राहायला आली. वहिनी तिला वन्सं म्हणत. वन्संची सारी नोकरी वाचनालयात, चौकशीच्या टेबलावर गेली होती. त्यांना मी पहिल्याच दिवशी आवडलो. त्या माऊसला हातही लावत नसत. कंट्रोलचं बटण दाबून एल दाबलं की मी हजर! मग दोन-तीन नेमके शब्द, एंटर, आणि काम झालं. कधी पक्ष्यांची माहिती, कधी एखाद्या जुन्या गाण्याचे शब्द. माझे ते दिवस मजेत गेले. वहिनींना मात्र ते बघवत नसे.

"काय सापडतं हो वन्सं, दिवसभर त्या डब्यात तोंड घालून?" त्या जाता जाता टोमणा मारत.

एकदा वन्सं माझ्याकडे बघत पुटपुटल्या, "इथे आपला काही उपयोग नाही बाबा." ते मी ऐकलं आणि माझा जीव कळवळला.

मग ती दुपार आली.

आदल्या मोसमात कोंबड्यांवर रोग आला होता आणि केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. किती दिवस ते यंत्र मुकं उभं होतं. त्यानंतरची ही अंड्यांची पहिलीच खेप. पिल्लं बाहेर यायला दोन-तीन दिवस राहिले होते. वहिनी तर यंत्राशेजारी खाट टाकून झोपत. त्यांचे यजमान, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, अंडी आणायला गाडी घेऊन बाहेरगावी गेले होते. घरात या दोघीच.

अचानक यंत्राचा भोंगा केकाटू लागला. दारावरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि आकड्यांच्या जागी 'ई चार' अशी खूण आली होती. आतली ऊब हळूहळू उतरत होती. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"वहिनी, मी लांब आहे," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळशिवाय पोचत नाही."

"उद्या संध्याकाळी काय, गार अंडी मोजायला येतोस?" वहिनींनी फोन ठेवला आणि धावत माझ्यापुढे येऊन बसल्या. पुन्हा तोच अख्खा पत्ता, पुन्हा तेच पत्रासारखं वाक्य. पानभर नव्या यंत्रांच्या जाहिराती आल्या. एकात तर हसणारं पिल्लू होतं. ते पाहून वहिनींच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

भोंगा ऐकून वन्सं आल्या. "वहिनी, मला बसू द्या. तुम्ही यंत्राचं दार मात्र उघडू नका, आहे ती ऊब आत राहू दे."

एरवी वहिनींनी काहीतरी सुनावलं असतं. आज त्या गुपचूप उठल्या.

वन्संनी माझ्यावर थेट 'ई चार' आणि 'बिघाड' एवढंच लिहिलं. मी धावत गेलो आणि जे मिळालं ते घेऊन आलो. सगळी कपडे धुण्याची यंत्रं! त्यांच्यातही 'ई चार' असतं, त्याला मी काय करणार?

"ही धुण्याची मशीनं नकोत," वन्सं म्हणाल्या. त्यांनी प्रश्नात 'धुलाई' हा शब्द घातला आणि त्याला चिकटून आधी वजाबाकीची खूण दिली. मित्रांनो, ही खूण दिसली की तो शब्द असलेली पानं मी गाळून टाकतो. धुण्याची यंत्रं गेली. आता पाणी तापवण्याची यंत्रं आली.

"असं नाही जमायचं. वहिनी, आपल्या यंत्राचा मॉडेल नंबर काय?"

"मला काय माहीत! मागच्या पत्र्यावर असेल."

वहिनी टॉर्च घेऊन भिंत आणि यंत्र यांच्यामधल्या सांदीत शिरल्या. पदराने धूळ पुसून त्यांनी एकेक अक्षर ओरडून सांगितलं. वन्संनी ती अक्षरं दुहेरी अवतरणचिन्हांत घातली. म्हणजे मला बजावलं, की हेच हवं, असंच हवं, याच्यासारखं दिसणारं दुसरं नको. या वेळी मी यंत्र बनवणाऱ्यांचंच संकेतस्थळ घेऊन आलो. पण तिथे पहिल्या पानावर त्यांची स्वतःचीच स्तुती होती.

"आता या एकाच घरात शोधायचं," वन्सं म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर इंग्रजीत 'साइट' लिहून त्यापुढे एकाखाली एक दोन टिंबं दिली, त्यांना चिकटवून त्या संकेतस्थळाचा पत्ता आणि मग एक जागा सोडून 'ई चार'. आता मला जगभर हिंडायचं नव्हतं, एकच घर धुंडाळायचं होतं. मी गेलो आणि माहितीपुस्तिकेचं नेमकं पान आणून समोर ठेवलं.

"सापडलं!" वन्सं ओरडल्या. "आत ऊब मोजणारी तार असते. तिचं टोक सैल झालं की यंत्राला ऊब कळत नाही, म्हणून ते तापवणंच थांबवतं. सगळ्यात आधी वीज बंद करा, असं लिहिलंय."

यंत्राचा प्लग मागे अडचणीत होता. वहिनींनी मागचापुढचा विचार न करता धावत जाऊन मेन स्विचच खाली ओढला.

भोंगा थांबला. आणि मित्रांनो, मीही विझलो! पुढचं मला नंतर त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं.

वहिनी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार उभ्या. "हं, पुढे काय लिहिलंय?"

"पुढचं मी वाचलंच नाही! तुम्ही संगणकही बंद केलात!"

"अगं बाई!" वहिनींनी कपाळावर हात मारला.

पुन्हा वीज आली, पुन्हा भोंगा सुरू झाला. आमचा संगणक म्हातारा. जागा व्हायला त्याने जो वेळ लावला, त्यात वहिनींनी त्याला म्हणाल त्या शिव्या दिल्या. शेवटी मी पडद्यावर आलो. आता पुन्हा ते पान पहिल्यापासून शोधायचं, असं वहिनींना वाटलं. पण वन्संनी मॉडेल नंबरची फक्त पहिली तीन अक्षरं टाइप केली, आणि मी लगेच ते पान खालच्या ओळीत दाखवलं. जिथे आपण एकदा जाऊन आलो ती वाट मी विसरत नाही. कितीदा तरी लोक पाहिलेलं पान नव्याने शोधत बसतात आणि मी मनात म्हणतो, अरे, मला विचारा की!

या वेळी वन्संनी सगळ्या पायऱ्या ट्रेच्या पुठ्ठ्यावर पेनने उतरवून घेतल्या आणि मगच म्हणाल्या, "आता ओढा मेन."

वहिनींनी मागची झडप उघडली. वन्संनी टॉर्च धरला. तारेच्या टोकावर पिसांचा आणि धुळीचा बोळा बसला होता. त्यांनी कोरड्या कापडाने तो पुसला आणि टोक जागेवर घट्ट बसवलं. बराच वेळ चाललं ते. मग वीज आली. मी जागा होत होतो तेव्हा भोंगा वाजत नव्हता. आतल्या खोलीतून फक्त यंत्राची जुनी, ओळखीची घुमघुम ऐकू येत होती.

"हिरवा लागला," वहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "वन्सं, चढतंय बघा. चढतंय!"

ऊब पूर्ववत झाल्यावर वहिनींनी एक अंडं अलगद काढून कानाशी धरलं. तेच अंडं त्यांनी वन्संच्या कानाशी लावलं. आतून बारीक टकटक येत होती. दोघींचा जीव भांड्यात पडला. वहिनी तिथेच खाली बसल्या, हसता हसता रडल्या आणि नाक पुसत म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही नसता तर मी त्या हसऱ्या पिल्लाच्या जाहिरातीपुढेच बसले असते."

"आणि तुम्ही त्या सांदीत शिरला नसता, तर मी धुण्याची मशीनंच विकत घेतली असती," वन्सं म्हणाल्या.

काही अंडी गप्पच राहिली. पण बाकीची फुटली, आणि एका सकाळी सगळं केंद्र चिवचिवाटाने भरून गेलं. मेकॅनिक येऊन तार बदलून गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर माझ्या पोटावर पाय देणार!" आता वहिनीही माझ्यावर थेट लिहितात, एका बोटाने का होईना. परवा त्यांनी सवयीने 'नमस्कार' लिहिलं, मग स्वतःशीच हसून खोडलं. वन्संसाठी टेबलाशी उशीची खुर्ची आली आहे, आणि चहा आता तिथेच येतो.

मित्रांनो, मला काही फार नको. मला विचारण्याआधी आपल्याला नेमकं काय हवं आहे ते मनाशी ठरवा. शब्द थोडे वापरा, पण नेमके वापरा. जाहिरात कोणती आणि माहिती कोणती ते पाहून घ्या, आणि एखाद्या दारात शिरण्यापूर्वी माझ्यावर लिहिलेला पत्ता एकदा वाचा, कारण फसवी दारंही पुष्कळ असतात. विजेच्या वस्तूंना मोठ्यांशिवाय हात लावू नका. आणि घरात कुणाला काही शोधता येत नसेल, तर त्यांना हसू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा.

आज सकाळपासून मला कुणी काही विचारलेलं नाही. पिल्लं खोक्यांत भरायची चालली आहेत, दोघी नणंद-भावजया त्यातच गुंतल्या आहेत. माझी पाटी कोरी आहे. पडद्यावर एक पिवळं पीस येऊन बसलं आहे, आणि ते पुसायची कुणालाच घाई नाही. मला फार हायसं वाटतं आहे.