नऊ पायऱ्यांचे रकाने

सन दोन हजार अठराची गोष्ट. म्हैसूरच्या आमच्या अग्रहार वस्तीतली दसऱ्याच्या बाहुल्यांची स्पर्धा तेव्हा बंद पडायला आली होती. घरोघरचं पायऱ्यांवर बाहुल्या मांडणं कमी झालं होतं. महिला समाजाच्या अध्यक्ष जयलक्ष्मम्मांनी सांगूनच टाकलं, "यंदा वीस अर्ज आले तर स्पर्धा. नाहीतर हॉल योगासनांच्या वर्गाला देणार."

ही स्पर्धा चिटणीस गिरिजम्मानेच, नवी नवरी असताना, सुरू केली होती. अर्ज न्यायला बायका हॉलपर्यंत येत नाहीत, तर अर्जच त्यांच्या फोनवर धाडायचा असं तिने ठरवलं.

सून चैत्राने तिचा हाताने आखलेला जुना अर्ज स्कॅन केला आणि त्याची पीडीएफ एका प्रोग्रामला दिली. कागदावर रेघ किंवा चौकट दिसली, की तो तिथे आपणहून लिहायचा रकाना बसवायचा. नाव, पत्ता, गल्ली, सगळीकडे निळे रकाने उमटले. गिरिजम्माने फोन उचलला आणि अर्ज साऱ्या अग्रहाराला पाठवला.

"अत्ते, जरा घोळ झालाय," सून म्हणाली. "वर तुम्ही बाहुल्यांच्या पायऱ्यांचं चित्र काढलंय ना? त्या नऊ रेघांवरही यानं रकाने बसवलेत."

"मग पूस."

"पुसते. तुम्ही अजून पाठवला नाही ना?"

गिरिजम्मा कॉफी गाळायला आत गेली.

दसऱ्यात पायरी रिकामी ठेवायची नाही, हे म्हैसूरच्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. एकीनेही त्या रेघा सोडल्या नाहीत. वर राजा-राणी, मग दशावतार, खाली दुकान मांडलेले शेट्टी-शेट्टम्मा. कोपऱ्यावरच्या वनजाक्षीने लिहिलं, "वरच्या पायरीवर सासूबाई, तळाला मी." मांडणं सोडलेल्या बायकांनाही लिहिता लिहिता हुरूप आला आणि त्या बाहुल्या काढायला माळ्यावर चढल्या.

एकोणीस अर्ज जुळले. विसावा आला म्हाताऱ्या नंजम्मांचा. नऊही पायऱ्या गच्च, आणि घरात बाहुली एकही नाही. लेकींना, नातींना वाटून झाल्या होत्या.

"हा बाद," जयलक्ष्मम्मा म्हणाल्या.

गिरिजम्मा तडक नंजम्मांकडे गेली. "अज्जी, हे काय लिहिलंत?"

"रेघ दिसली, भरली. बाहुल्या सध्या कुठं असतात, असं तुझ्या अर्जात विचारलंय का?"

"परीक्षक आले म्हणजे?"

"बसतील. हरभऱ्याची उसळ देईन."

त्या संध्याकाळी गिरिजम्माने नंजम्मांचा अर्ज बाकीच्या एकोणीस जणींना पाठवला. खाली लिहिलं, "यातलं कुणाच्या ट्रंकेत काय जास्तीचं आहे?" राजा-राणीची जादा जोडी नाही असं घर म्हैसुरात शोधून सापडायचं नाही. घटस्थापनेआधीच नंजम्मांच्या ओसरीवर नऊ पायऱ्या अर्जाबरहुकूम उभ्या राहिल्या. फक्त शेट्टी राजापेक्षा डोकंभर उंच निघाला.

"दुकानात बसून खातो, वाढणारच," नंजम्मा म्हणाल्या.

जयलक्ष्मम्मांनी तळापासून वरपर्यंत पाहिलं, उसळ संपवली आणि म्हणाल्या, "वीस."

नंजम्मा दोन वर्षांनी गेल्या. तो उंच शेट्टी परत मागायला कुणी गेलं नाही. तो तुमकूरला नातीकडे असतो. वनजाक्षीच्या सासूबाईंनी सुनेचा अर्ज छापून घेऊन भिंतीवर लावला आहे. चैत्रा नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. योगासनं गच्चीवर होतात. पायऱ्यांवर लिहून घ्यायची युक्ती आपलीच, असं जयलक्ष्मम्मा आता सांगतात, आणि गिरिजम्मा त्यांना सांगू देते. अलीकडचा प्रोग्राम शहाणा आहे. तो चित्र ओळखतो आणि पायऱ्या सोडून देतो. मग गिरिजम्मा चष्मा पुसून बसते आणि ते नऊ रकाने आपल्या हाताने बसवते.