गुरुवारचं पाणी

“मूर लोकांच्या बागेत पाण्याचा आवाज कधी म्हणून थांबत नाही,” असं म्हणत मातिल्देने कारंज्याकडे हात केला, आणि कारंजं थांबलं.

धार आधी कमरेत वाकली, मग उचकी लागल्यासारखी दोनदा उडाली आणि दगडी तोटीतून शेवटचा थेंब टपकन खाली पडला. बसभर प्रवाशांनी एकदम कारंज्याकडे पाहिलं, मग मातिल्देकडे पाहिलं. एका जर्मन गृहस्थाने तर फोटोही काढला. कोरड्या कारंज्याचा फोटो काढायला माणसं इतक्या लांबून येतात, म्हणजे धन्यच!

“आणि थांबला,” मातिल्दे घाईघाईने म्हणाली, “की शांतता ऐकायची असते. सुलतानांची तशी पद्धतच होती.”

सुलतानांची अशी कुठलीही पद्धत नव्हती. पण आयुष्यभर गाइडचं काम केलेल्या बाईला सुलतानांच्या नावावर काय खपवावं याची लाज उरलेली नसते. सुलतान काही उठून विचारायला येत नाहीत. विचारणारे असतात ते ट्रॅव्हल कंपनीवाले, आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली होती. गेले तीन-चार गुरुवार बरोबर याच वेळी पाणी जात होतं, आणि लोक परत जाऊन लिहीत होते: ‘सकाळी ग्रानादातला राजवाडा सुंदर. दुपारी खेड्यातली बाग छान, पण कारंजं बंद.’

“मावशी, आता तुम्ही सांगा,” मातिल्दे म्हणाली.

कारंज्यापाशी वेताच्या खुर्चीत बसलेल्या सोकोरोमावशींनी आधी वरच्या भिंतीकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. बाग त्यांची. नवरा पास्कुआल गेल्यापासून त्या इथे एकट्याच असत. आठवडाभर मांजराशी बोलायचं आणि गुरुवारी माणसांशी. त्यामुळे गुरुवारी त्या काळा पोशाख घालून, केस चापूनचोपून बसवून तयार असत.

मावशींनी सांगायला घेतलं, मातिल्दे भाषांतर करू लागली. गोष्ट नेहमीचीच. राजाने इथल्या मुसलमान मूर लोकांना देशाबाहेर हाकललं, त्यांची घरं उत्तरेकडून आणलेल्या लोकांना दिली. मावशींची कुणी खापरपणजी की तिचीही पणजी, ब्रियांदा नावाची, अशीच आली. तिच्या मुलखात बारा महिने पाऊस. तिने घेवडा पेरला आणि आभाळाकडे बघत बसली. बघते आहे, बघते आहे. शेवटी मागून कुणीतरी हसलं. शेताला पाणी कसं द्यायचं ते नव्या लोकांना शिकवायला एका म्हाताऱ्या मूर माळ्याला मागे ठेवून घेतलं होतं, तो. आपली माणसं गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता. त्याने ब्रियांदाला पाट दाखवला, फळी उचलून पाणी कसं वळवायचं ते दाखवलं, आणि मरायच्या आधी एक डाळिंब लावलं. ते हे, कारंज्याशेजारचं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बसकडे निघाले. शेवटचा माणूस फाटकातून बाहेर पडला, तसं कारंजं पुन्हा थुईथुई उडायला लागलं.

“बघ! बघ त्या लिबोरियोची मस्ती!” मावशी कडाडल्या.

बेनिहारा गाव डोंगराच्या उतरणीवर. मूर लोकांनी खोदलेला पाट अजून वाहतो आणि त्यांनी ठरवलेल्या पाळ्या अजून चालतात. पाणी आधी वरच्या लिबोरियोकाकांच्या हौदात येतं आणि भिंतीखालच्या भोकातून खाली मावशींच्या कारंज्यात. गुरुवारची दुपार मावशींच्या पाळीची. बेनिहाराचा माणूस बायकोला फसवील, पाद्रीबाबाला फसवील, पण दुसऱ्याच्या पाळीचं पाणी अडवणार नाही. लिबोरियोकाकांनी अडवलं होतं. याचं कारण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पास्कुआलने एकदा भिंतीवरून आत आलेली त्यांच्या लोकाटाच्या फळझाडाची फांदी करवतीने कापली होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. पास्कुआल गेला, फांदी पुन्हा फुटून वाढली, अबोला मात्र तसाच.

“पंचांकडे तक्रार करा ना मावशी.”

“म्हणजे ते त्याचीच पाळी बंद करतील. त्याची झाडं वाळतील.” मावशींनी पदरासारखा अ‍ॅप्रन झटकला. “झाडांनी काय घोडं मारलंय?”

मातिल्देने मग ती बातमी सांगितली जी तिला सकाळपासून गिळता येत नव्हती. पुढच्या गुरुवारी माद्रिदहून कंपनीची बाई येणार. कारंजं चालू दिसलं नाही, तर ही बाग सहलीतून वगळणार.

मावशींनी डाळिंबाचं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाल्या, “मुलीचं फावेल. ती कधीची मागे लागली आहे, बाग विक आणि बार्सेलोनाला ये म्हणून. सातव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीत एक कुंडी आहे, त्यातलं फूल प्लास्टिकचं.”

मातिल्देला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की तिला राग येत असे. ती तरातरा चढ चढून वर गेली.

लिबोरियोकाकांचं फाटक नुसतंच लोटलेलं होतं. “काका, तुम्हाला काही जनाची, मनाची...” असं ती सुरू करणार, तोच तिची नजर भिंतीकडे गेली. भिंतीला अगदी चिकटून एक खुर्ची होती. खुर्चीवर उशी. शेजारी तिपाईवर ऑलिवची वाटी आणि वाइनचा अर्धा पेला. नाटकाला आल्यासारखी सगळी मांडामांड. आणि म्हातारा हौदापाशी ओणवा, हातात पाट अडवायची फळी घेऊन, पोरासारखा रंगेहाथ सापडलेला.

“तुम्ही ऐकत होतात?” मातिल्दे म्हणाली.

“कोण? मी? काय ऐकायचंय तिचं!”

“मग ही उशी?”

काकांनी उशीकडे असं पाहिलं, जणू ती आपली आपण चालत आली असावी. मग फळी खाली ठेवली.

“पाणी फार आवाज करतं,” ते पुटपुटले. “माझा एक कान गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे. कारंजं चालू असलं की तिचं एक अक्षर कळत नाही.”

“पण काका, ती तीच गोष्ट सांगते! दर गुरुवारी तीच!”

“दर गुरुवारी चुकीची सांगते,” काका उसळून म्हणाले. “म्हणून तर ऐकावी लागते.”

मातिल्देने त्यांना माद्रिदच्या बाईचं सांगितलं, सातव्या मजल्याचं सांगितलं, प्लास्टिकच्या फुलाचंही सांगितलं. काका हळूच खुर्चीत बसले, उशीवर.

“बार्सेलोना,” ते म्हणाले. “तिला तिथे कोण ऐकणार?”

“म्हणूनच म्हणते, एक गुरुवार पाणी सोडा. आणि असं भिंतीला कान लावण्यापेक्षा सरळ खाली येऊन बसा की.”

“पास्कुआलने फांदी कापली त्या अंगणात मी पाय ठेवणार नाही.” मग जरा थांबून, “पाणी सोडतो. एक गुरुवार ऐकलं नाही तर काही मरत नाही मी. पण तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. शपथ घे.”

मातिल्देने शपथ घेतली.

पुढच्या गुरुवारी माद्रिदची नूरिया आली. तरुण, चटपटीत, हातात टॅब, आणि चेहरा असा की बाग आवडली तरी कुणाला कळू नये. तिच्याबरोबर बसभर लोक. त्यांत फेझहून आलेली एक मोरोक्कन आजी होती, सुनेच्या दंडाला धरून चालणारी. मातिल्देने वर्णनाची नुसती बरसात केली. बागेचे चार भाग, जणू स्वर्गातल्या चार नद्या, लिंबाचा वास, सावली, पाणी. कारंजं काय नाचत होतं! नूरियाने टॅबवर काहीतरी लिहिलं. मातिल्देला वाटलं, आपण जिंकलो.

मावशींनी गोष्ट सुरू केली. पाण्याच्या आवाजावर मात करायची म्हणून आज त्यांचा स्वर चढा होता. ब्रियांदा आली. घेवडा पेरला. आभाळाकडे बघत बसली. बघते आहे, बघते आहे...

कारंजं वाकलं, उचकी लागल्यासारखं उडालं आणि बंद पडलं.

म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं! ऐन रंगात आलेली गोष्ट आणि त्याच्या कानी नुसती खळखळ! नूरियाने टॅबवरून मान वर केली आणि भुवईसुद्धा. “सुलतानांची पद्धत...” मातिल्देने सुरुवात केली, पण नूरिया टॅबवर लिहायलाही लागली होती.

सोकोरोमावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या गालांवर लाल चट्टे उमटले होते. प्रवाशांकडे पाठ करून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि उरलेली गोष्ट भिंतीलाच सांगायला घेतली. एकेक शब्द दगड मारल्यासारखा.

“तर त्या म्हाताऱ्याने ब्रियांदाला सगळी विद्या दिली. कारण ती खाली राहत होती आणि शहाणी होती. वर राहायचा तो मठ्ठ होता, त्याचा वंशही तसाच निघाला. आणि डाळिंब लावलं ते इथे, खाली. कारण...”

“खोटं!” भिंत ओरडली.

सगळे दचकले. भिंतीवर आधी एक टोपी उगवली, मग टोपीखाली लिबोरियोकाकांचं लालबुंद तोंड.

“साफ खोटं! डाळिंब वर लावलं होतं, माझ्या अंगणात! तुझं झाड त्याच्या फांदीचं! आणि ब्रियांदाने घेवडा नव्हता पेरला, कोबी लावला होता!”

“कोबी? कोबी भरलाय तुझ्या टाळक्यात! माझं पाणी तोडतोस आणि वर मला गोष्ट शिकवतोस?”

“तुझ्या नवऱ्याने माझी फांदी तोडली! फळांनी लगडलेली!”

“आंबटढाण फळं!”

“लहानपणी तीच आंबटढाण फळं चोरायला भिंतीवर चढायचीस! शिडी कोण धरायचं?”

मावशींनी नकळत लोकाटाच्या फांदीकडे पाहिलं.

मातिल्देने टाळक्यातला कोबी भाषांतरात गाळायचं ठरवलं होतं. पण लोक तिच्या तोंडाकडे असे बघत होते, की तिने कोबीही सांगितला, फांदी सांगितली आणि शिडी सांगताना तिचा आवाज आपोआप हळू झाला. जर्मन, फ्रेंच, सगळे हसत होते. फेझची आजी तर डोळे पुसत होती. तिने सुनेला काही सांगितलं आणि सुनेने मातिल्देला.

“आई म्हणतात, राजवाड्यात सकाळी त्यांना काहीच ओळखीचं वाटलं नाही. नुसती नक्षी. इथे मात्र थेट माहेरी आल्यासारखं वाटतंय. त्यांच्या गल्लीतही पाण्यावरून अगदी असंच भांडतात.”

भिंतीवरची टोपी खाली गेली. क्षणभराने कारंजं उडू लागलं.

नूरिया मातिल्देला बाजूला घेऊन गेली. मातिल्दे मनात माफीची वाक्यं जुळवत होती.

“हे तुम्ही कधी बसवलंत?” नूरियाने विचारलं. “पाणी बरोबर त्या वाक्याला थांबतं! आणि तो म्हातारा काय काम करतो! दर गुरुवारी असंच होईल ना?”

“दर गुरुवारी,” मातिल्दे म्हणाली. सुलतानांच्या नावावर इतकं खपवल्यावर हे एक काय जड होतं!

बस निघायच्या आधी ती मावशींना सांगायला धावत परत आली. बाग राहिली, सहल राहिली. मावशींनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या डाळिंबाच्या बुंध्याला हात लावून उभ्या होत्या.

“मी घेवडा म्हणते, हे त्याला कसं कळलं गं?” त्यांनी विचारलं. “सगळे म्हणतात त्याला ऐकू येत नाही.”

मातिल्देला शपथ आठवली. पण भिंतीने स्वतःच तोंड उघडल्यावर शपथ कसली?

“येतं,” ती म्हणाली. “कारंजं बंद असलं की येतं.”

मावशींनी वर भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

पुढच्या गुरुवारी मातिल्दे नवे लोक घेऊन आली, तेव्हा कारंजं चालू होतं. ते कधी थांबतंय याची ती वाट बघत राहिली. तिने चार नद्या सांगितल्या, लिंबाचा वास सांगितला, स्वर्ग दोनदा सांगितला. पाणी आपलं वाहतच होतं. चारचौघांत उघडा पडलेला म्हातारा आता फळीला हात लावायला धजत नव्हता. भिंतीवर टोपी नव्हती. आता नाटक कुठून आणायचं?

“मावशी, सुरू करा,” ती शेवटी म्हणाली.

सोकोरोमावशी खुर्चीतून उठल्या. त्यांनी अ‍ॅप्रनच्या खिशातून एक जाडसर फडकं काढलं. चांगलं शिवून, बोळ्यासारखं बेतून आणलेलं. कारंज्यापाशी वाकून त्यांनी ते तोटीत घट्ट कोंबलं. पाणी जरा धडपडलं आणि बाजूच्या पाटाने गुपचूप निघून गेलं. बागेत आवाज राहिला नाही.

मग त्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून मांडली, बसल्या, केसांवरून हात फिरवला.

“तर ब्रियांदाने,” त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “कोबी लावला होता. पण डाळिंब खालीच लावलं होतं.”

आणि थांबल्या. भिंतीपलीकडे खुर्ची कुरकुरली.