आत्याच्या घड्याळांचा चोर

चौसष्टाव्या वर्षी आत्या चोर ठरली, आणि तीही स्वतःच्याच फोटोंची. तिला चोर ठरवणारा नियम लिहिला होता तिच्या सख्ख्या भाचीनं. आता बोला!

आत्या घड्याळं दुरुस्त करायची. नजर अधू झाल्यावर दुकान बंद केलं, पण हात स्वस्थ बसेनात. मग ती जुनी घड्याळं उघडून आतल्या चाकांचे फोटो काढू लागली आणि भाची प्रोग्रामर होती त्या साइटवर टाकू लागली. तिथला फोटो कुणीही डाउनलोड करावा. फोटोबरोबर काढणाऱ्याचं नाव जायचं आणि त्याच्या खात्यात एक गुण पडायचा. गुणांशी आत्याला देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं ते नाव. दुकानात राबली ती, पण पाटीवर जन्मभर नवऱ्याचंच नाव होतं.

भाचीचा नियम असा: दोन सारखे फोटो आले, तर मोठी फाइल अस्सल आणि लहान ती नक्कल. नक्कल करताना फाइल लहान होते, हे तिनं गृहीत धरलं होतं. साइटवर ‘सम्राट’ म्हणून मिरवणाऱ्या एका महाभागानं हे बरोबर हेरलं. त्यानं आत्याचे एकतीस फोटो उतरवले, फाइली फुगवल्या आणि आपल्या नावानं चढवल्या. झालं! नियमानं आत्याचे फोटो काढून टाकले, खातं बंद केलं आणि वर निरोप धाडला: ‘चोरीची कबुली द्या, खातं परत मिळेल.’

भाची धावत आत्याच्या घरी गेली. चूक आपली आहे, हे तिनं दारातच सांगून टाकलं.

“आत्या, नियम माझा होता गं. माझंच चुकलं.”

“मग निस्तर,” आत्या म्हणाली. “कबुली मात्र मी देणार नाही. मेले तरी नाही.”

“आमच्या ऑफिसातले साहेब पुरावा मागतील.”

आत्यानं चष्मा चढवला. मग तिनं न कापलेले मूळ फोटो उघडले. प्रत्येकात घड्याळ धरलेला तिचा डावा अंगठा होता, अर्ध्या नखाचा. पूर्वी कधीतरी यंत्रात सापडलेला. साइटवर टाकताना ती तेवढा भाग न चुकता कापायची.

“लाज वाटायची मला त्याची,” ती म्हणाली. “आता दाखव सगळ्यांना.”

भाचीनं नियम मुळापासून बदलला. वाद झाला तर न कापलेला फोटो दाखवेल तो धनी. नाव आणि गुण त्याचे, आणि ज्यांनी ज्यांनी फोटो उतरवला त्या प्रत्येकाला खऱ्या नावाचं पत्र. सम्राटला तिनं आठ दिवस दिले. त्यानं मूळ फोटो एकही पाठवला नाही, शिव्या मात्र भरभरून पाठवल्या.

नवव्या दिवशी साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “अहो, सम्राटला बघायला लोक साइटवर येतात. तुमच्या आत्यांना म्हणावं, कबुलीच्या चौकोनात खूण करा, विषय संपला.”

“विषय तिच्या नावाचा आहे. तो खूण करून संपत नाही.”

“हे पत्र गेलं, तर उद्यापासून कामावर येऊ नका.”

नोकरी जाणं काही गंमत नव्हती. पण आत्याचा तो अंगठा समोर पडद्यावरच होता, आणि तिला मागे फिरायचं नव्हतं.

साहेबांनी वाकून पत्र वाचलं. अकरा हजार लोकांना जाणार होतं ते. ‘ही एकतीस घड्याळं आमच्या आत्यानं टिपलेली आहेत. तिला चोर ठरवणारा नियम मी लिहिला होता.’ वर आत्याचं पूर्ण नाव, खाली भाचीचं, दोन्ही आडनावासकट.

साहेब वरमले. आवाज खाली आणून म्हणाले, “अहो, निदान स्वतःचं नाव तरी काढा. ‘तांत्रिक चूक’ लिहा. उद्या दुसरीकडे कोण घेईल तुम्हाला?”

“ज्याचं काम, त्याचं नाव,” ती म्हणाली. “चुकलेल्या कामालासुद्धा.”

आणि तिनं पत्र पाठवून दिलं.