भेग पडल्याशिवाय पहार नाही

खाणीतला नियम शिकवावा लागत नाही: भेग पडल्याशिवाय पहार लावायची नाही. लावलीच तर दगड जागचा हलत नाही, पहार तेवढी वाकते.

मुकादमाच्या घरी बाळंतपणाला निघालेल्या नर्सबाईंच्या सायकलची चेन चढावर दोनदा उतरली.

सासूच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं होतं. बोटं सुनेने चावली होती.

कोंबडीसुद्धा अंडं घालायला अंधारा कोपरा शोधते.

तर त्या घरात त्या दिवशी कोपरा म्हणून रिकामा नव्हता. खाणीच्या मुकादमाची सून पहिलटकरीण. कळा पहाटे सुरू झाल्या आणि ऊन उंबऱ्यावर आलं तोवर खोलीत अकरा बायका जमल्या. अकराही जणींना सगळं माहीत होतं. पोर आडवं आहे हे एकीला नुसत्या पोटाकडे बघून कळलं, दुसरीला सुनेच्या नाकावरून मुलगा कळला. कळ आली का, एवढं मात्र सुनेला एकीनेही विचारलं नाही.

आणि बाहेर ओट्यावर मुकादम. जन्मभर या माणसाने एकच काम केलं. मोठा दगड हलवायचा असला की बाजूला उभं राहून ओरडायचं, "लावा जोर!" ढकलणारे दुसरेच. पण दगड हलला की श्रेय आरोळीचं. त्यामुळे जगात जे जे अडतं ते आपल्या घशाने सुटतं, असा त्याचा समज होऊन बसला होता. सकाळपासून तो ओट्यावरून आरोळी देई, आत अकरा बायका "हेऽऽ" करत, आणि सासू सुनेचं तोंड दाबून सांगे, श्वास कोंड, जोर लाव. कळ असो, नसो.

सून उताणी पडून जोर लावत होती. लहानपणापासून खाणीत वाढलेली. आरोळी कानावर पडली की तिचं अंग आपोआप ताठ व्हायचं, बैलाला चाबूक दिसावा तसं. डोळे लाल झाले, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि मूल होतं तिथेच होतं.

नर्सबाई आल्या. हात धुतले, तपासलं आणि सासूकडे बघून विचारलं, "सकाळपासून ही कुणाशी कुस्ती खेळतेय?"

गर्भपिशवीचं तोंड अजून अर्धंच उघडलं होतं. आत्ता जोर लावून ते सुजणार, उघडायचं ते आणखी अडणार, आणि खरी वेळ येईल तेव्हा हिच्या अंगात त्राण उरणार नाही. मग मोठा दवाखाना. खाणीच्या ट्रकमधून दोन तास, तेही त्या रस्त्याने. बाळ तेवढं थांबेलच असं नाही, हे नर्सबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सुनेला कुशीवर वळवलं, पाणी पाजलं आणि शिकवलं, कळ आली की गरम दूध निववतात तशा फुंकरा मारायच्या. दाबायचं नाही.

कळ आली. सुनेने फुंकर मारली. बाहेरून आरोळी आली आणि अंग पुन्हा ताठ झालं. दुसऱ्या कळेला तेच. तिसऱ्या कळेला तेच. नर्सबाई बाहेर जाऊन सांगून आल्या. मुकादम म्हणाला, तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा.

तेव्हा सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेल्या सुनेने आतूनच हाक मारली.

"मामा, भेग पडलीय का?"

मुकादम दाराकडे वळला.

"भेग न बघता पहार लावणाऱ्याला तुम्ही खाणीत काय करता?"

उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं. असल्या माणसाला मुकादम चारचौघांत शिव्या घालून हाकलून देई. सासू उठली, अकरा जणींना एकेक करून बाहेर काढलं आणि नवऱ्याच्या तोंडावर दार लावलं. कडी घातली.

मग दोन तास खोलीत फक्त फुंकरा होत्या. आणि अचानक सुनेला आपसूक खाली दाबावंसं वाटलं, कुणी न सांगता. नर्सबाईंनी तपासून होकाराची मान हलवली. गुडघ्यांवर बसवलं, पलंगाची कड हातात दिली.

पहिला जोर सुनेने सवयीने गालांत भरला.

"बाळ तोंडातून काढणार आहेस का?" नर्सबाई म्हणाल्या. "हनुवटी छातीला लाव. परसाकडेला बसल्यासारखा जोर खाली जाऊ दे. कळ आहे तोवर लाव, कळ गेली की सोड. मधे श्वास घे, तो फुकट आहे."

पाच कळांत जोर खाली उतरायला शिकला. पुढे डोकं दिसलं आणि नर्सबाई म्हणाल्या, आता थांब, नुसत्या फुंकरा. सगळ्यात अवघड काम तेच. सुनेने ते केलं. डोकं हळूहळू आलं, मागून खांदे, आणि मुलगी जगात येताच बोंबलली. आजोबांचा घसा घेऊन आली होती, बिचारी.

बाहेर मुकादम जमलेल्या माणसांना सांगत होता, माझ्याच आरोळीने सुटली. माणसं माना डोलवत होती. दगडही डोलतात, पण त्यांना निदान ढकलावं लागतं.

सून ते ऐकून हसली. सासू हसली नाही. ती बाळाला पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती.

सव्वीस वर्षांपूर्वी याच खोलीत सासूचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. तेव्हाही ओट्यावरून मुकादमच दोन दिवस ओरडत होता.