मॅलकीच्या डाव्या हाताची आठवण

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. बॉक्सिंग शिकणारी मुलं जिच्यावर ठोसे मारून हात पक्का करतात, ती. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डला नदीच्या धक्क्यामागे एक बैठं सभागृह होतं. त्याच्या तुळईला लोंबकळत माझं बहुतेक आयुष्य गेलं.

मला मॉसी पॉवरने शिवलं. तो घोड्यांची खोगिरं करायचा आणि संध्याकाळी त्या सभागृहात मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. ट्रॅक्टर आले, घोडे गेले, आणि उरलेल्या कातड्यातून मी जन्मले. माझ्या पोटात आळीतल्या बायकांनी दिलेले जुने कोट आहेत, विटके पडदे आहेत, जोडीदार हरवलेले मोजे आहेत. एका पाद्रीबाबांचा झगाही आहे. मॉसी मुलांना सांगायचा, "बेताने मारा रे, आत पाद्रीबाबा आहेत."

मॅलकी फेलन आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. घरची बेकरी होती. आमच्याकडे न्याहारीला पिठाने माखलेला मऊ पाव खातात, त्याला ब्ला म्हणतात. मॅलकी पहाटे तो भाजायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे यायचा. दारातून आत यायला त्याला वाकावं लागे. एवढा दांडगा, पण लाजाळू. पहिल्या दिवशी त्याने मला हलकंच ढकललं. मी झोका घेऊन त्याच्या छातीवर आदळले, तर तो चक्क मलाच 'माफ करा' म्हणाला.

"माफी मागून झाली असेल तर आता मार," मॉसी म्हणाला.

त्याने डाव्या हाताने मारलं. मित्रांनो, तो ठोसा मी कसा सांगू? माझ्या आतले कोट न् पडदे एका बाजूला सरकले, तुळई करकरली, आणि माझ्या अंगावर पिठाची पांढरी मूठ उमटली. दुखलं, नाही असं नाही. पण आपण कशासाठी आहोत, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढची वर्षं माझ्या भाग्याची होती. डब्लिनला जाऊन मॅलकी देशाचा हेवीवेट विजेता झाला. त्याच्या आईने त्या दिवशी बेकरीत कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. मग तो व्यावसायिक बॉक्सर झाला, मॉसीला घेऊन लंडनला लढायला जाऊ लागला. परत आला की आधी माझ्याकडे यायचा. कपाळ माझ्या कातड्याला टेकवून क्षणभर उभा राहायचा आणि मग मारायला लागायचा. तो नसला की बाकीची मुलं मारत. मी हलायचे, पण ते नुसतं हलणंच.

युरोपच्या किताबाची लढत लंडनलाच होती. इकडे सगळी आळी आमच्या सभागृहात रेडिओभोवती जमली. मॅलकी पुढे होता. निवेदक त्याच्या डाव्या हाताचं कौतुक करत होता आणि माझं कातडं ताणल्यासारखं झालं होतं. आठवी फेरी सुरू व्हायची घंटा होण्याआधीच निवेदक म्हणाला, फेलनच्या कोपऱ्यातून टॉवेल आत पडला आहे. टॉवेल टाकणं म्हणजे खेळाडूच्या वतीने त्याच्या गुरूने हार कबूल करणं. कुणीतरी उठून रेडिओ बंद केला. लोक एकमेकांकडे न बघता घरी गेले.

मॅलकीचा डावा डोळा अधू झाला होता. डॉक्टरांनी लढायला कायमची मनाई केली. तो बेकरीत परतला आणि भेटेल त्याला सांगू लागला, 'विजेत्याचा पट्टा माझ्या हातात आलाच होता, तो मॉसीने काढून घेतला.' मॉसीला लोकांनी विचारलं. तो काही बोलला नाही.

बेकरी दोन गल्ल्यांपलीकडे होती. पहाटे खिडकीतून ताज्या ब्लाचा वास यायचा आणि मला वाटायचं, आज येईल. मॅलकी आला नाही. वर्षं गेली. चकचकीत प्लास्टिकच्या नव्या बॅगा आल्या. मला छत गळायचं त्या कोपऱ्यात टांगलं. शिवण उसवली, आतल्या कोटाची बाही बाहेर आली. मॉसीच्या बोटांत आता सुई धरायचं बळ नव्हतं. तो यायचा, माझ्या अंगावर हात ठेवून उभा राहायचा. कुणाची आठवण काढतोय, हे मला सांगावं लागत नव्हतं.

मग सभागृह पाडायचं ठरलं. सामान नव्या जागेत गेलं. ही जुनी बॅग कचऱ्यात टाका, असं क्लबच्या मंडळींनी सांगितलं. मॉसी कुणाला न विचारता मला उतरवायला शिडी लावून वर चढला. त्याची मुलगी ऊना थेट बेकरीत धावली. बाबा पडतील, माझं ऐकत नाहीत, एवढंच तिने सांगितलं. मॅलकी ॲप्रनसकट आला. आता केस पिकले होते, पण दारात अजून वाकावं लागत होतं.

"खाली उतरा, मॉसी."

"तू खालून धर. मग उतरतो."

मॅलकीने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. मॉसीने साखळी सोडवली. माझं सगळं ओझं मॅलकीच्या अंगावर आलं, तरी त्याने मला खाली ठेवलं नाही. मला खांद्यावर घेऊन तो तसाच उभा राहिला. माझ्यामुळे त्या दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता.

"मी पुढे होतो ना त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"होतास. बराच पुढे होतास."

"मग का?"

मॉसी शिडीच्या पायरीवर बसला. "तू कोपऱ्यात येऊन बसलास. मी तुझं तोंड पुसत होतो. तू मला म्हणालास, मॉसी, दिवे का मालवले?" त्याने मान वर करून तुळईकडे पाहिलं. "दिवे सगळे चालू होते, पोरा."

मॅलकीचा श्वास मला ऐकू येत होता. "मला आठवत नाही हे."

"ठाऊक आहे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"आपण जिंकणारच होतो, असं तू गावभर सांगत होतास. म्हटलं, तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे."

मॅलकीने मला सावकाश जमिनीवर टेकवलं आणि माझ्याच आधाराने खाली बसला. मॉसीही उतरून त्याच्या शेजारी बसला. ऊना चहा आणायला गेली. 

आता मी बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीच्या उबेला टांगलेली असते. पोती शिवायच्या दाभणाने मॅलकीने माझी शिवण घातली. मॉसी खुर्चीवर बसून, टाके फार लांब पडतायत म्हणून कुरकुरत होता. त्यानंतरचे दोन हिवाळे तो रोज सकाळी तिथे येऊन चहा प्यायला. आता ती खुर्ची रिकामी असते. मॅलकी मला कधीच मारत नाही. मी त्या एका ठोशासाठी अजून झुरते, पण तो मारत नाही तेच बरं, हेही मला कळतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांच्या शिवणी एकदा बघा, अजून टाका बसतो. आणि तुमच्या भल्यासाठी ज्याने तुम्हाला कधी अडवलं असेल, त्याच्याशी अबोला धरला असेल, तर आज त्याच्या दारात जा. तो शिडीवर चढेपर्यंत थांबू नका.